टीव्ही बॉक्समधल्या चिपचं खरं गिऱ्हाईक कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली काही वर्षं चिप कारखान्यांच्या बातम्या आपल्या पत्रात सतत येत आहेत. धोलेरा, साणंद, आसामातलं जागीरोड ही नावं आता आमच्या नाक्यावरच्या हॉटेलातही ऐकू येतात. कारखाना कुठे, भांडवल किती, तंत्रज्ञान कोणाचं, हे सगळं छापून येतं. बनलेली चिप विकत कोण घेणार, यावर मात्र फारसं वाचायला मिळत नाही. मी देवगड तालुक्यात टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स दुरुस्तीचं काम करतो. छत्रीवरून आलेला सिग्नल पकडून त्याचं चित्र करणारी चिप रोज माझ्या हाताखालून जाते. या चिपचे कोट्यवधी नग आपल्या देशात लागले. तरी ती कशी असावी हे ठरवताना टीव्ही बघणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही, आणि आपल्याकडे या चिपचा धंदा उभा न राहण्याचं मूळही माझ्या मते तिथेच आहे. पत्र लांबलं आहे, पण विषय घराघरातला आहे, म्हणून जागा मिळावी ही विनंती.

ही चिप करते काय ते आधी सांगतो. छत्रीच्या तोंडाशी एलएनबी असतो. तो उपग्रहाकडून आलेला १०-१२ गिगाहर्ट्झचा सिग्नल खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये केबलवाटे घरात पाठवतो. बॉक्समधला ट्यूनर त्यातली हवी ती फ्रिक्वेन्सी निवडतो, डिमॉड्युलेटर त्यातले शून्य-एक वेगळे करतो आणि वाटेत बिघडलेले सुधारून घेतो. पुढे एकत्र आलेल्या अनेक वाहिन्यांतून आपली वाहिनी काढायची, तिला कुलूप असेल तर ते उघडायचं आणि दाबून लहान केलेलं चित्र पुन्हा पूर्ण करून टीव्हीला द्यायचं. पूर्वी या कामांना वेगवेगळ्या आयसी असत. आता ट्यूनर सोडला तर, आणि काही बॉक्सांत ट्यूनरसकट, सगळं एकाच चिपमध्ये असतं. चित्र उलगडण्याची पद्धतही तिच्यात कायमची बसवलेली असते. म्हणून दूरदर्शनच्या मोफत फ्री डिश सेवेच्या जुन्या बॉक्सवर, ज्याला एमपेग-२ ही चित्र दाबण्याची जुनी पद्धतच येते, एमपेग-४ या नव्या पद्धतीतल्या वाहिन्या कितीही खटपट केली तरी दिसत नाहीत. लोकांना वाटतं छत्री हलली. छत्री जागेवरच असते.

माझ्याकडे येणाऱ्या जुन्या डीटीएच बॉक्सांत एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या युरोपातल्या कंपनीची चिप बरीच दिसायची. जानेवारी २०१६ मध्ये त्या कंपनीने सेटटॉप बॉक्सच्या चिपच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. जगभरातल्या सुमारे १,४०० नोकऱ्यांवर त्याचा परिणाम होणार होता. त्याआधी २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एनएक्सपीने आपला टीव्ही आणि बॉक्सच्या चिपचा विभाग ट्रायडेंट या अमेरिकी कंपनीकडे दिला आणि ट्रायडेंटने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. टीव्हीच्या चिपमध्ये आघाडीवर असलेल्या मीडियाटेक आणि एमस्टार या दोन तैवानी कंपन्यांनी २०१२ मध्येच एकत्र यायचं ठरवलं. आज मोफत वाहिन्यांचा स्वस्त बॉक्स उघडला की चीन आणि तैवानची मोजकी नावं दिसतात: अली, मोंटाज, सनप्लस, जीएक्स.

एवढ्या मोठ्या कंपन्या का बाहेर पडल्या? कारण या चिपमध्ये नगामागे नफा थोडा आणि खप प्रचंड लागतो. चिपची रचना करायला आणि तिचे मास्क, म्हणजे छापण्याचे साचे, बनवायला जो खर्च येतो तो लाखो नग विकले गेले तरच निघतो. लाखो नगांची ऑर्डर एका सहीने देऊ शकणारं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे डीटीएच किंवा केबल कंपनी. तिने हात आखडता घेतला की चिपवाला संपला. त्यामुळे ती म्हणेल तशी चिप बनते.

ती काय म्हणते ते माझ्या टेबलावर रोज दिसतं. मे संपत आला, वळवाचे ढग जमायला लागले की आमच्याकडे लाइट सारखी येते-जाते. बॉक्समध्ये नवं सॉफ्टवेअर उतरत असताना लाइट गेली तर सॉफ्टवेअर साठवणाऱ्या आठ पायांच्या फ्लॅश आयसीतला मजकूर अर्धवट राहतो. बॉक्सचा तांबडा दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही. फ्री डिशचा बॉक्स असेल तर मी झाकण काढतो, हॉट एअरने ती आयसी उचलतो, प्रोग्रामर नावाच्या यंत्रात घालून त्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर पुन्हा लिहितो आणि आयसी जागेवर डाग देऊन बसवतो. दुकानात बसल्या बसल्या काम होतं, माणूस बॉक्स घेऊन घरी जातो. हाच बिघाड पैसे भरायच्या डीटीएच बॉक्सला झाला तर? फ्लॅश आयसी तशीच असते, पायही आठच. पण बॉक्स चालू होताना मुख्य चिप आधी सॉफ्टवेअरवरची कंपनीची डिजिटल सही तपासते. त्या तपासणीची किल्ली कारखान्यातच चिपमध्ये कायमची लिहिलेली असते, नंतर ती कोणालाच बदलता येत नाही. सही जुळली नाही की चिप तिथेच थांबते. सप्लाय ठीक, ट्यूनर ठीक, चिप ठणठणीत आणि बॉक्स मात्र भंगारात.

तांबळडेगकडच्या एका वाडीतल्या काकींचा असा बॉक्स आला होता. कंपनी बदलली होती, नव्या कंपनीने नवा बॉक्स बसवला, तो विजेने जळला. म्हणून पिशवीतून जुना घेऊन आल्या. मी टेबलावर लावून दाखवला, तर दिवा हिरवा झाला आणि पडद्यावर वर्गणी भरा अशी पाटी आली. "झिला, लाइट तर पेटता, मगे चित्र कित्याक दिसणा नाय?" मी म्हटलं, "काकी, बॉक्स बरो आसा, पण तेची किल्ली कंपनीकडे आसा." त्यांना माझं म्हणणं पटलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. बॉक्सचे पैसे त्यांनी मोजले होते. त्याच्यातला ट्यूनर फ्री डिशच्या जीसॅट-१५ उपग्रहाचा सिग्नल सहज पकडू शकतो, त्या वाहिन्यांना कुलूप नाही, छत्री थोडी वळवली की काम झालं असतं. चिपला ते येतं. तिला ते करू दिलेलं नाही, एवढंच.

असे बॉक्स कोकणातल्या घराघरांत माळ्यावर पडलेले आहेत. देशात पैसे भरून डीटीएच बघणारे २०२१ च्या सुमाराला जवळजवळ ७ कोटी होते, २०२५ पर्यंत ते ६ कोटींच्या खाली आले, असं ट्राय या दूरसंचार नियामकाचे आकडे सांगतात. म्हणजे एवढ्या थोड्या वर्षांत कोटीभर बॉक्स तरी नुसते पडून राहिले असणार. त्यातले बहुतेक बिघडलेले नाहीत.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे, ती शहरात बसून लक्षात येत नाही. इथे अर्धी घरं बंद असतात. चाकरमानी गणपतीला येणार, शिमग्याला येणार, मे महिन्यात पोरांना घेऊन येणार. तेवढ्यापुरता रिचार्ज मारला तरी बॉक्स लगेच चालू होत नाही. वाहिनी उघडण्याचा हुकूम उपग्रहावरूनच येतो. बॉक्स महिनोन्महिने बंद असेल तर मधले सगळे हुकूम आणि सगळी सॉफ्टवेअरं चुकलेली असतात. मग कस्टमर केअरला फोन, मग बॉक्स तासभर चालू ठेवा, मग तुमचं मॉडेल जुनं झालं, नवा घ्या. चतुर्थीच्या आदल्या रात्री माझ्या दुकानापुढे हीच रांग असते. काही जण मुंबईतल्या खोलीतला केबलचा बॉक्स गावच्या घरासाठी घेऊन येतात. तो तर छत्रीला लागतच नाही, कारण केबलचा आणि उपग्रहाचा सिग्नल वेगळ्या पद्धतीने बांधलेला असतो आणि त्या बॉक्समधली चिप फक्त केबलचा ओळखते. एका घरात तीन बॉक्स आणि चालणारा एकही नाही, अशी घरं मी पाहिली आहेत.

चिपची ऑर्डर आमच्या हातात असती तर आम्ही काय मागितलं असतं? पहिलं म्हणजे सॉफ्टवेअरच्या दोन प्रती ठेवा, एक बिघडली तर बॉक्स दुसरीवर चालू व्हावा. यासाठी फ्लॅशमध्ये थोडी जास्त जागा लागेल, बाकी काही नाही. दुसरं, पावसात टिकणारा ट्यूनर. या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल जोराच्या सरीत क्षीण होतो, हे निसर्गाचं आहे. पण त्याच छत्रीवर एक बॉक्स चित्र धरून ठेवतो आणि दुसरा चौकोन चौकोन करून थांबतो, हे मी जुलैच्या पावसात शेजारी शेजारी लावून बघितलं आहे. तिसरं, खाऱ्या हवेला पुरून उरेल असा एफ कनेक्टर, म्हणजे छत्रीची केबल लावायची जागा. बॉक्स उघडला की मधली पिन हिरवी पडलेली आणि तिच्या बाजूच्या पट्टीवर चिकट थर, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावातून आलेल्या बॉक्समध्ये दिसतं. यात चिपचा दोष नाही, पण ओलाव्यात एलएनबीचा १३/१८ व्होल्टचा सप्लाय शॉर्ट झाला तर चिपने तो वेळीच बंद करायला हवा. स्वस्त बॉक्सांत ही सोय नीट नसते आणि सप्लायची आयसी जळते. आणि शेवटचं, सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालावं. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते, या दोन वादळांत लाइट गेली, पाठोपाठ मोबाइलचे टॉवर बंद पडले. उपग्रह तेव्हाही चालू होता. ज्याच्याकडे १२ व्होल्टचा बॉक्स, छोटा टीव्ही आणि सांभाळलेली छत्री होती त्याला बातम्या मिळत होत्या.

यातलं काहीही डीटीएच कंपनीच्या मागणीत वरच्या ओळीत नसतं. तिथे वरच्या ओळीत कुलूप असतं आणि किंमत असते. कंपनीच्या जागी बसलं तर ते समजण्यासारखं आहे. तिचा पैसा मासिक वर्गणीत आहे, बॉक्स तिच्यासाठी खर्च आहे. चोरी थांबायला कुलूप हवं यालाही माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की कुलूप वेगळ्या कार्डात किंवा मॉड्यूलमध्ये ठेवा आणि सिग्नल पकडणारी चिप लोकांची राहू द्या.

हे मी नवीन सांगत नाही. डीटीएचच्या २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच बॉक्स खुल्या रचनेचा असावा, एका कंपनीचा दुसरीकडे चालावा, असं म्हटलं होतं. मॉड्यूलसाठी खाच देण्याचा नियमही आला, पण मॉड्यूल इतकं महाग पडे की त्यापेक्षा नवा बॉक्स परवडायचा. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने सविस्तर शिफारस केली: डीटीएचचे बॉक्स आपसात आणि केबलचे बॉक्स आपसात बदलता आले पाहिजेत, टीव्हीलाही तशी सोय हवी. फेब्रुवारी २०२५ च्या शिफारशींतही ट्रायने हा मुद्दा पुन्हा घेतला. दरम्यान भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२:२०२२ हे मानक आणलं, ते माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. टीव्हीच्या आतच उपग्रहाचा ट्यूनर असावा, छत्रीची केबल सरळ टीव्हीला लावली की मोफत वाहिन्या आणि रेडिओ लागावा, मध्ये बॉक्सच नको. मानक आलं, सक्ती आली नाही. त्यामुळे आमच्या बाजारपेठेतल्या दुकानात तसा टीव्ही मागितला तर दुकानदार उलट मलाच विचारतो, असा टीव्ही येतो का म्हणून.

सक्तीने काय होतं याचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या दूरसंचार आयोगाने २००२ मध्ये ठरवलं की टप्प्याटप्प्याने प्रत्येक टीव्हीत डिजिटल ट्यूनर असलाच पाहिजे. १ मार्च २००७ पासून लहान-मोठ्या सगळ्या टीव्हींना तो नियम लागू झाला. १२ जून २००९ ला मोठे अॅनालॉग ट्रान्समीटर बंद झाले, तेव्हा जुने टीव्ही असलेल्या घरांना कन्व्हर्टर बॉक्ससाठी सरकारने ४० डॉलरची कुपनं दिली. नियम ठरताच कोट्यवधी टीव्हींना एकाच प्रकारची चिप लागणार हे चिपवाल्यांना आधीच कळलं आणि ट्यूनर हा टीव्हीचा साधा भाग होऊन बसला. जपानात तर टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर असणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि वाहिन्यांचं कुलूप वर्षानुवर्षं छोट्या कार्डात राहिलं.

आपल्याकडे अशी संधी येऊन गेली. केबलचं डिजिटलीकरण ऑक्टोबर २०१२ मध्ये महानगरांपासून सुरू झालं आणि मार्च २०१७ ला खेड्यांपर्यंतची शेवटची मुदत संपली. साडेचार वर्षांत कोट्यवधी बॉक्स बसले. २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात आयात बॉक्सवरचं सीमाशुल्क ५ टक्क्यांवरून १० टक्के केलं. त्याचा उपयोग झाला, जोडणी इथे होऊ लागली. पण जोडणी म्हणजे बाहेरून आलेली चिप इथल्या पट्टीवर बसवणं. चिपवर शुल्क नव्हतंच, कारण माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात आपण १९९७ मध्येच सामील झालो होतो. त्या काळात सगळ्या बॉक्सांना एकच खुलं मानक लावलं असतं तर इथल्या एखाद्या कंपनीला चिप आखायला पुरेसा खप दिसला असता.

आणि आखणारे नव्हते असंही नाही. बंगळुरूच्या सांख्य लॅब्जने टीव्हीचे वेगवेगळे मानक सॉफ्टवेअरने ओळखणारी चिप बनवली, पृथ्वी-३ ही तिची चिप डिसेंबर २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झाली. रचना आपली, पण बनवून घ्यावी लागली परदेशात. आणि तिला मोठा जोडीदार मिळाला तो अमेरिकेतला सिंक्लेअर हा प्रसारण समूह, तिथल्या नव्या मानकाच्या टीव्हीसाठी. आपल्या इंजिनिअरांनी आखलेल्या चिपला बाजार शोधायला इतकं दूर जावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे ती कंपनी तेजस नेटवर्क्सने घेतली.

आता धोलेऱ्याकडे येतो. टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीच्या कारखान्यासाठी जी तंत्रं जाहीर झाली आहेत ती २८, ४०, ५५, ९० आणि ११० नॅनोमीटरची. नव्या मोबाइलच्या चिपला हे जुनं पडेल. टीव्ही रिसीव्हरच्या चिपला मात्र २८ आणि ४० नॅनोमीटर अगदी योग्य आहे, जगभर या चिप त्याच मापात बनत आल्या आहेत. म्हणजे कारखाना येतो आहे, आखणारे इंजिनिअर आहेत, बघणारी घरं तर आहेतच. फ्री डिशचीच घरं कोट्यवधींत मोजली जातात. एक दुवा राहिला आहे, तो म्हणजे या घरांची मागणी चिपवाल्यापर्यंत पोचवणारा नियम.

टीव्ही महाग होईल, हा आक्षेप मला माहीत आहे. थोडा होईल. पण आज तेच गिऱ्हाईक टीव्हीबरोबर वेगळा बॉक्स, वेगळा रिमोट, वेगळा अडॅप्टर घेतं आणि काही वर्षांनी पुन्हा घेतं. अडॅप्टर तर माझ्याकडे बॉक्सपेक्षा जास्त येतात. आता सगळे मोबाइलवरच बघतात, असंही कोणी म्हणेल. त्यांनी पावसाळ्यात मिठबाव किंवा मुणग्याच्या एखाद्या वाडीत येऊन नेट चालवून बघावं.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. आयएस १८११२ हे मानक विशिष्ट तारखेपासून ठरावीक आकाराच्या वरच्या सगळ्या टीव्हींना सक्तीचं करावं आणि ती तारीख दोन वर्षं आधी जाहीर करावी, म्हणजे चिप आखणाऱ्याला वेळ मिळेल. ट्रायच्या २०२० च्या शिफारशीवर माहिती व प्रसारण मंत्रालयाने निर्णय घ्यावा. ज्या बॉक्सची सेवा बंद झाली तो मोफत वाहिन्यांसाठी खुला करून देणं कंपनीला बंधनकारक करावं. त्यासाठी कंपनीच्याच सहीचं एक छोटं सॉफ्टवेअर पुरतं, चिप बदलावी लागत नाही. आणि ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ पासून दुरुस्तीच्या हक्काचं जे काम हाती घेतलं आहे, त्यात सेटटॉप बॉक्सचाही स्पष्ट समावेश करावा. आपल्या जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न संसदेत विचारावा असं मला मनापासून वाटतं.

वाचकांनाही एक सांगायचं आहे. गणपतीच्या आधी टीव्ही घ्यायला जाल तेव्हा माहितीपत्रकात ट्यूनरची ओळ बघा. तिथे डीव्हीबी-एस२ असं लिहिलेलं असेल तर छत्रीची केबल त्या टीव्हीला थेट लागेल. नुसतं डीव्हीबी-टी२ असेल तर लागणार नाही, तो जमिनीवरच्या टॉवरसाठी असतो आणि दूरदर्शनचं तसं प्रक्षेपण २०१६ मध्ये सुरू झालं ते मुंबई, औरंगाबादसह देशातल्या १६ शहरांत, आपल्याकडे नाही. ही ओळ नसेल तर दुकानदाराला ती मागा, आणि त्याने वितरकाला कळवावं असा आग्रह धरा.

आपला,
टीव्ही दुरुस्ती करणारा एक वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग